कप्तानाची सळई

त्यांना सगळे कप्तान म्हणतात. कप्तान ते कधीच नव्हते. नौदलात त्यांनी ऐन उमेदीची वर्षं काढली ती जहाजाच्या पोटात, पाण्याच्या पातळीखाली. तिथे खरा कप्तान वर्षातून एखाद्या वेळी तपासणीला उतरायचा आणि नाकाला रुमाल लावून लगेच वर जायचा. ह्यांच्याकडे बॉयलर आणि पंप होते. समुद्र कसा असतो असं कुणी विचारलं, तर ते सांगतात, "गरम." समुद्राशी त्यांची गाठ पडायची ती इंजिन थंड करून परत निघालेल्या पाण्याच्या पाइपाशी. त्यापलीकडचा समुद्र त्यांनी सुटीवर जाताना पाहिला, आणि तो त्यांना विशेष वाटला नाही.

नौदल सुटल्यावर ते प्लंबर झाले. काम तेच होतं. फक्त बाहेरचं पाणी आत येऊ नये याऐवजी आतलं पाणी बाहेर जाऊ नये, एवढंच आता बघायचं होतं. जहाजाची शिस्त मात्र त्यांनी किनाऱ्यावर सोडली नाही. त्यांच्या स्वयंपाकघरात कप हुकांना टांगलेले असतात, कपाटाच्या प्रत्येक दाराला कडी आहे आणि जेवणाच्या टेबलाला चारी बाजूंनी बोटभर उंच पट्टी ठोकलेली आहे, ताटं घसरू नयेत म्हणून. बांधल्यापासून ते घर कधी हललेलं नाही, पण कप्तान बेसावध राहणाऱ्यांपैकी नाहीत. त्या पट्टीवर मनगट ठेवून जेवता येत नाही अशी तक्रार त्यांच्या पत्नीने लग्नानंतर लगेच केली होती. ती अजून विचाराधीन आहे.

दर रविवारी ते चर्चमध्ये तिसऱ्या बाकावर, खांबाला लागून बसतात. पितळी बटणांचा कोट, चकाकणारे बूट, ताठ पाठ. ऐंशी ओलांडलेला माणूस प्रवचनभर असा ताठ बसतो याचं मागच्या बाकांना कौतुक आणि पुढे व्यासपीठावर उभ्या असलेल्या पाळकांना दडपण. उपासना संपली की पाळक दारात उभे राहून सगळ्यांशी हात मिळवतात. कप्तानांचा हात हातात आला की ते नकळत श्वास रोखतात, कारण तिथे निकाल लागतो. निकाल दोनच. "आज नांगर बसला" किंवा "आज जहाज भरकटलं". दुसरा निकाल मिळाला की पाळक पुढच्या आठवड्याचं प्रवचन पुन्हा लिहायला घेतात. पाळकांच्या पत्नीच्या मते धर्मविद्यालयातल्या गुरुजनांचाही त्यांनी इतका धसका घेतला नव्हता.

आता यातली गंमत अशी, की कप्तानांना प्रवचनातला एक शब्दही ऐकू येत नव्हता.

कान इंजिनरूममध्येच गेले होते. तिथे दोन माणसं नाकाला नाक लावून ओरडली तरी एकमेकांना ऐकू जात नसत. सगळा कारभार हातांच्या खुणांवर आणि ओठांच्या हालचालींवर चालायचा. कप्तान ओठ वाचायला शिकले ते तिथेच, आणि ती विद्या जमिनीवर त्यांच्या कामी आली. गिऱ्हाईक समोर उभं राहून बोललं की त्यांना सगळं कळायचं. आधीचे पाळक दाढीमिशी सफाचट करणारे होते, तेव्हा त्यांची प्रवचनंही कळायची. नंतर हे आले. माणूस सज्जन, पण मिशी अशी भरघोस की वरचा ओठ असावा हे केवळ श्रद्धेने मानायचं. त्या दिवसापासून तिसऱ्या बाकावर शांतता पसरली. कप्तानांनी मग प्रवचन पायांवरून ओळखायला सुरुवात केली. लोकांचे बूट फरशीवर स्थिर असले तर नांगर बसला, चुळबुळ सुरू झाली तर जहाज भरकटलं. खरं सांगायचं तर ही पद्धत कान शाबूत असलेल्यांच्या पद्धतीपेक्षा वाईट नव्हती.

लपवायचं कारण धंदा. कप्तानांचं नाव होतं ते लपलेली गळती शोधण्याबद्दल. नळ कुणीही बसवतो, वॉशर कुणीही बदलतो. पण भिंतीत किंवा फरशीखाली नेमकं कुठे पाणी गळतंय हे न फोडता सांगणारा माणूस एकच. त्यासाठी त्यांच्याकडे हातभर लांबीची पोलादी सळई होती, जहाजावरून आणलेली. तिचं एक टोक जमिनीला लावायचं, दुसरं दातांत धरायचं आणि डोळे मिटायचे. पाइपातून पाणी सुटत असेल तर त्याची बारीक थरथर सळईतून दातांत येते, दातांतून जबड्यात. बंद पडायला आलेला पंप जहाजावर असाच ओळखायचे. लोकांना वाटायचं कप्तान कान देऊन ऐकताहेत. कप्तानांनी तो समज कधी दुरुस्त केला नाही. बहिऱ्याला गळती शोधायला कोण बोलावणार? आंधळ्याला रंगकाम दिल्यासारखंच ते.

लेक परगावी असते. ती दर भेटीत कानाचं यंत्र घ्या म्हणून मागे लागायची, आणि कप्तान दर भेटीत सांगायचे की तसली यंत्रं बहिऱ्या माणसांसाठी असतात. पत्नीने मात्र कधी विषय काढला नाही. ती घरी बसून शिवणकाम करते आणि मोजूनमापून बोलते. नवऱ्याला जे कळायला हवं ते समोर उभी राहून सांगायची, आणि जे नुसतं बोलून मोकळं व्हायचं ते शिवणयंत्राकडे तोंड करून. संसार सुखाचा चालला होता.

मग कप्तानांचे दात गेले.

एकदम नाही, ओळीने. शेवटचे चार राहिले तेव्हा दंतवैद्याने हात जोडले आणि सगळे काढून कवळी बसवली. कवळी छान बसली. कप्तान तरुण दिसायला लागले, जरा रागीटही. पण सळई मुकी झाली. कवळी हिरडीवर बसते, हाडात रुतत नाही. तिच्यातून थरथर पुढे जात नाही. हे कप्तानांना कळायला हवं होतं. एवढं आयुष्य सांध्यांत घातलेल्या माणसाला आपल्याच तोंडातला सांधा ढिला आहे हे उमगू नये, यालाच दिव्याखाली अंधार म्हणतात. आणि उमगलं नाही याला कारणही होतं. सळई दातांत धरून डोळे मिटले की त्यांना आवाज येतच होता. बारीक, सलग, फुसफुसता. फुटलेल्या सांध्यातून पाणी सुटावं तसा. उलट पूर्वीपेक्षा स्पष्ट. कप्तानांना वाटलं, कवळी लाभली.

त्याच सुमारास चर्चमध्ये वेदीमागच्या भिंतीवर ओल आली. आधी ताटाएवढी, मग पोपडे सुटायला लागले. गमतीची गोष्ट म्हणजे रविवारी ती सर्वांत ओली दिसायची आणि आठवडा सरताना सुकत जायची. यावर बरीच चर्चा झाली. एका बाईंच्या मते गाणाऱ्यांच्या श्वासाने भिंत दमट होत होती. चर्चच्या समितीचे चिटणीस म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी यावर उपसमिती नेमली आणि उपसमितीत स्वतःलाच घेतलं. त्यांचं मत पडलं की आता यंत्रवाल्या फिटरला बोलवावं.

हा फिटर एके काळी कप्तानांच्याच हाताखाली तयार झालेला, आता स्वतःच पन्नाशीला आलेला. त्याच्याकडे पाइपात सोडायचा कॅमेरा होता, त्याला पडदा होता, आणि त्याच्या गाडीवर त्याचं नाव होतं. कप्तानांच्या गाडीवर कधी नाव नव्हतं, कारण ती सायकल होती.

कप्तान समितीच्या बैठकीत गेले. बोलावलं नव्हतं; नौदलातला माणूस आमंत्रणाची वाट बघत नाही, असं ते म्हणतात, आणि नौदलात नेमकं याच्या उलट असतं. ते म्हणाले की या इमारतीतला प्रत्येक नळ त्यांच्या हातचा आहे आणि स्वतःच्या हातच्या नळाची गळती शोधायला त्यांना सिनेमा बघावा लागत नाही. मग त्यांनी सगळ्यांसमोर सळई काढली. भिंतीपासून सुरुवात करून ते फरशीवर पाऊल पाऊल सरकत गेले आणि व्यासपीठाशी थांबले. तिथे चर्चमध्ये सर्वांत शांत असतं, आणि तिथेच आवाज सर्वांत मोठा होता.

"इथे," ते म्हणाले. "व्यासपीठाखाली."

चिटणिसांनी विचारलं, खात्री आहे का. फरशी जुनी आहे, एकदा फोडली की तशी मिळायची नाही.

"इथे पाणी लागलं नाही, तर ही सळई मी खाली ठेवीन. पुन्हा उचलणार नाही."

घरोघरी बातमी गेली ती याची. कप्तानांनी सळई पणाला लावली. ज्या माणसाकडे नाव, हात आणि सळई एवढीच मिळकत, त्याने त्यातली दोन एका फरशीखाली ठेवली होती.

शनिवारी सकाळी व्यासपीठ बाजूला सरकवलं गेलं. दोन मजुरांनी फरशा उचलल्या आणि खणायला घेतलं. पाळक, चिटणीस आणि फिटर कडेला उभे. फिटरला चिटणिसांनी 'फक्त बघायला' बोलावलं होतं. कॅमेऱ्याची पेटी त्याने सहज म्हणून सोबत आणली होती. गुडघाभर खणलं, माती कोरडी. कप्तान खड्ड्यात उतरले, सळई दातांत धरली. फुसफुस चालूच. "अजून खाली." मांडीभर खणलं. माती कोरडी ठाक, वर धूळ उडायला लागली आणि पाळकांची मिशी राखाडी झाली. कप्तान पुन्हा उतरले. आवाज तसाच, किंबहुना जास्त. "अजून." कमरेइतकं खणून झालं. डोंगर पोखरून निदान उंदीर तरी निघतो. इथे जुना खिळासुद्धा निघाला नाही.

शेवटच्या वेळी सळईच्या दाबाने कवळी निसटली. कप्तानांनी सळई खड्ड्याच्या कडेला टेकवून ठेवली, कवळी काढली आणि खिशातल्या रुमालात गुंडाळली. आता सळई दातांत नव्हती. दातच नव्हते. हात मोकळे होते, आणि कानांत फुसफुस चालू होती.

ते सळईकडे बघत राहिले. मग त्यांनी दोन्ही तळहात कानांवर दाबले. आवाज वाढला.

वरच्यांना वाटलं म्हाताऱ्याला भोवळ आली. फिटर खाली वाकला. गुरूला पाणी पाजण्याची त्याची ही संधी होती, पण माणूस त्यातला नव्हता. तो कप्तानांच्या अगदी समोर तोंड आणून दबक्या आवाजात बोलला. "उस्ताद, पाणी सरकलं असेल. जमिनीत होतं तसं. आपण तसंच सांगू."

कप्तानांनी ते ओठांवरून वाचलं. सुटायची वाट आयती होती, आणि ती पटण्यासारखीही होती. चिटणिसांना पाण्यातलं काही कळत नव्हतं. पाणी सरकतं म्हटल्यावर त्यांनी त्यावर उपसमिती नेमली असती. सळई वाचली असती. नाव वाचलं असतं. पण इंजिनरूममध्ये एक नियम असतो, आणि तो कुणी लिहून लावत नाही: खालून खोटी खबर वर जायची नाही. गेली तर पहिलं पाणी खबर देणाऱ्याच्याच नाकात जातं.

"पाणी नाही," कप्तान म्हणाले. कवळीशिवाय शब्द मऊ येत होते. "कधी नव्हतंच."

"मग आवाज कसला येत होता तुम्हाला?" चिटणिसांनी विचारलं.

कप्तानांनी बोटाने डोक्याकडे खूण केली. चिटणिसांना वाटलं हे आपल्या डोक्याबद्दल आहे, आणि ते लाल झाले.

"कान गेलेत माझे," कप्तान म्हणाले. "जहाजावरच गेले. आतल्या आत वाजतंय ते. मला वाटलं नळ."

मग पाळक हळूच पुढे झाले. खड्ड्यातल्या माणसाला धीर द्यायला ते आले असं वाटलं, पण माणूस कितीही देवाचा असला तरी आधी लेखक असतो.

"म्हणजे माझी प्रवचनं..."

कप्तानांनी त्यांच्या तोंडाकडे नेटाने बघितलं. "काय म्हणालात? मिशीतून काही कळत नाही हो."

फिटरने मान वळवली. पाळकांच्या चेहऱ्यावर, दर आठवड्याला परत लिहिलेली सगळी प्रवचनं एकामागून एक सरकून गेली.

याच वेळी कप्तानांच्या पत्नी फुलं घेऊन आल्या. शनिवारी वेदीवरची फुलं बदलायचं काम त्यांच्याकडे असतं. त्यांनी खड्डा बघितला, खड्ड्यातला नवरा बघितला, तोंडात कवळी नाही हेही बघितलं. काहीही न विचारता वेदीवरच्या फुलदाण्या उचलून त्या मागच्या छोट्या खोलीत गेल्या. फुलं हातात सुकू देण्याइतकं मोठं काही घडलेलं त्यांना दिसलं नाही.

थोड्या वेळाने चिटणिसांनी बोट दाखवलं. वेदीमागची भिंत, जी आठवडाभर सुकत आली होती, ती सगळ्यांच्या डोळ्यांदेखत गडद होत होती.

फिटर धावत मागच्या खोलीत गेला. तिथे कोपऱ्यात एक बेसिन आहे. काही वर्षांपूर्वी कपाटाला जागा हवी म्हणून कप्तानांनीच ते एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर हलवलं होतं आणि सांडपाण्याचा पाइप कपाटामागून नेला होता. फिटरने कपाट पुढे ओढलं. सांधा सुटून लोंबत होता, आणि फुलदाण्यांचं आठवड्याचं शिळं पाणी सरळ भिंतीत जात होतं. बाकी कुणी ते बेसिन वापरत नसल्याने भिंत फक्त शनिवारी प्यायची.

"ताई, हे सुटलंय," फिटर म्हणाला.

"माहीत आहे. ह्यांना सांगितलं होतं मी. गेल्या वर्षीच."

"मग काय म्हणाले?"

"मान डोलावली." त्यांनी रिकामी फुलदाणी पुसून ठेवली. "मी शिवणयंत्रावर होते, पाठमोरी. चुकलं माझं. ह्यांना तोंडावर सांगायला हवं होतं."

दारात आलेल्या पाळकांनी विचारलं, म्हणजे ह्यांना ऐकू येत नाही हे तुम्हाला ठाऊक होतं?

"अहो पाळकसाहेब, इतकी वर्षं मी ह्यांच्याशी भांडतेय. एकदा उलट उत्तर नाही. असा पुरुष जन्माला येतो का कुठे?"

सांधा कप्तानांनी स्वतः बसवला. फिटरने वाकून विजेरी धरली आणि आपलं तोंड उजेडात राहील असं बघितलं. कॅमेऱ्याची पेटी उघडावी लागली नाही, याचं सर्वांत जास्त दुःख चिटणिसांना झालं. फरशा परत बसवल्या, पण खणलेली माती तशीच्या तशी आत जात नसते. व्यासपीठाखालून पुढे डोकावणारा एक उंचवटा राहिला आहे आणि पाळक दर रविवारी त्याला अडखळतात. तिसऱ्या बाकावरून ते फार स्पष्ट दिसतं.

कप्तानांनी शब्द पाळला. सळई खाली ठेवली, ती त्यांच्या पत्नीने उचलली. जेवण तयार झालं की ती आता समोर येऊन सांगत नाही. सळईने जमिनीवर दोन ठोके देते. बाहेरच्या खोलीत खुर्चीत बसलेल्या कप्तानांच्या तळव्यांना ते कळतं आणि ते उठून पट्टी ठोकलेल्या टेबलाशी येतात. लेकीने कानाचं यंत्र पाठवलं. कप्तानांनी ते उघडून तपासलं, आतलं रबर हलक्या प्रतीचं आहे असं सांगितलं आणि कडी असलेल्या कपाटात ठेवून दिलं. फिटर अवघड सांध्यांना अजून त्यांना घेऊन जातो. गळती तो कॅमेऱ्याने शोधतो आणि उस्तादांच्या हातून बंद करवतो. धंदा अर्धा राहिला, पण त्यात आता काही लपवावं लागत नाही.

पुढच्या रविवारी पाळक व्यासपीठावर चढले तेव्हा अख्ख्या चर्चमध्ये कुजबुज झाली. मिशी नव्हती. वरचा ओठ फिकट, उघडा पडलेला, पहिल्यांदाच उन्हात आणलेल्या मुलासारखा. ते सावकाश बोलले, शब्द न् शब्द सुटा करून, आणि सगळा वेळ तिसऱ्या बाकाकडे तोंड ठेवून. कप्तान पुढे झुकून बसले होते. पायांकडे त्यांनी एकदाही बघितलं नाही. तीन बाकांच्या अंतरावरून एक माणूस दुसऱ्याला काहीतरी सांगत होता आणि दुसऱ्याला ते कळत होतं. या मंडळीत किती तरी वर्षांत हे घडलं नव्हतं.

उपासना संपली. पाळक दारात उभे राहिले. कप्तानांचा हात हातात आला, आणि पाळकांनी श्वास रोखला.

कप्तानांनी त्यांच्याकडे सहानुभूतीने बघितलं.

"मिशी होती तेव्हा," ते म्हणाले, "फार चांगलं बोलायचात."